मिशी राखलेला वल्हेकरी

गाव सोडलं त्या सकाळी माझ्या गाऱ्हाण्याला जबाब द्यायला माणूस नव्हतं.

आमच्याकडे, विजयदुर्गाच्या खाडीच्या अलीकडच्या काठावर, कुणी आखाताला निघाला की अख्खी वाडी त्याच्या अंगणात जमते. तुळशीपुढे नारळ आणि विडा ठेवतात आणि वाडीतला एखादा जाणता माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. ‘बा देवा महाराजा, आज हो तुझो झील परमुलखाक जाता हा...’ अशी, निघालेल्या मुलासाठी एकेक विनवणी, आणि प्रत्येक विनवणीच्या शेवटी जमलेल्या सगळ्यांनी एका दमात म्हणायचं, ‘व्हय महाराजा!’ हा जबाब मिळाला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात. एकट्याचं म्हणणं देव ऐकत नाही, चार माणसांनी होकार भरला तरच ऐकतो. देवाचासुद्धा गावकीवर फार विश्वास.

त्या सकाळी गाऱ्हाणं बाबांनीच घातलं आणि जबाब द्यायला आई एकटी उभी होती. दुसऱ्याच विनवणीला तिचा आवाज फुटला. मग पुढचे ‘व्हय महाराजा’ मीच म्हटले. स्वतःच्या गाऱ्हाण्याला स्वतःच जबाब देऊन घर सोडणारा आमच्या पंचक्रोशीत मी पहिलाच असेन.

आम्ही वाळीत होतो. शेजारच्या सुलोचनाकाकी विधवा झाल्या आणि त्यांचा खाडीकडचा मळा दिरानं दाबला. दीर गावचा मानकरी. काकी तालुक्याच्या कोर्टात गेल्या आणि बाबांनी तिथे त्यांच्या बाजूनं साक्ष दिली. गावचं भांडण गावाबाहेर नेलं, हा बाबांचा गुन्हा ठरला. देवळाच्या सभामंडपात बैठक बसली आणि शिक्षा झाली: सगळ्या मानकऱ्यांसमोर देवीपुढे नारळ ठेवायचा आणि ‘माझा चुकला’ म्हणायचं. नाही तर घर बंद.

बाबा म्हणाले, “खरा होता ता सांगलंय. नारळ कित्याक ठेवू?”

एवढंच बोलून घरी आले आणि घर बंद झालं. घर बंद म्हणजे दाराला कुलूप नव्हे, कुलूप परवडलं असतं. घर बंद म्हणजे लावणीला कुणी येणार नाही, दुकानदार आपल्याकडे बघून न बघितल्यासारखं करणार, लग्नाचं बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. काकींना त्यांच्या भावांनी माहेरी नेलं, मळा अर्धामुर्धा मिळाला, आणि आम्ही तिथेच राहिलो, आपल्याच घरात हद्दपार.

सगळ्यात वाईट शिमगा. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. आई दर वर्षी अंगण सारवायची, रांगोळी घालायची, खण-नारळाचं तबक तयार ठेवायची. ढोल वाजत वाजत आमच्या वळणापर्यंत यायचे, तिथे एकदम गप्प व्हायचे, पालखी आमच्या दारावरून मुकाट पुढे जायची आणि पुढच्या घराशी ढोल पुन्हा सुरू व्हायचे. आई तबक आत नेऊन ठेवायची. पुढच्या वर्षी पुन्हा अंगण सारवायची. 

एसटीच्या थांब्यावर त्या दिवशी प्रकाश होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, एकमेकांच्या डब्यातलं खायचो. मला बघून तो मोटारसायकलची चेन बसवायला खाली वाकला. एसटी सुटेपर्यंत ती चेन काही बसली नाही. त्याची पाठ मला अजून दिसते, घामानं चिकटलेला निळा शर्ट. त्याचा राग मी पुष्कळ वर्षं केला. बोलला असता तर त्याच्या घराचे ढोल बंद झाले असते, हे कळायला मला दोहा गाठावं लागलं.

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना वाटतं दत्ता कतारला गेला, सुटला. आणि जे माझ्यासारखे आले, त्यांना हे सांगायची गरजच नाही. मी इंटिरियरचं काम करणाऱ्या एका कंपनीत साइट सुपरवायझर आहे. ऑफिसं, दुकानं, हॉटेलच्या लॉब्या, मिळेल ते आम्ही आतून सजवतो. व्हिलाला पार्टिशनं घालून केलेल्या खोल्यांपैकी एका खोलीत राहतो. खिडकी आहे, पण ती शेजारच्या एसीकडे उघडते. दिवसभर हिंदी आणि इंग्लिश, अधूनमधून अरबी यल्ला, खलास, शुक्रन. मराठी बोलायला गणपतीत मंडळात जातो. पुण्या-नाशिकची, ऑइल-गॅसमधली चांगली माणसं आहेत, मोदक आग्रहानं वाढतात. त्यांची मुलं मला ‘हॅलो अंकल’ म्हणतात. पण माझी भाषा तीसुद्धा नव्हे. माझी भाषा फक्त फोनमध्ये आहे, आईच्या बाजूला. फोन ठेवला की ती संपते. कधीकधी मी चहा करताना एकटाच मालवणीत बडबडतो, ‘दूध खंय ठेवलंय रे’, आणि मग गप्प होतो, कारण ऐकायला कुणी नाही हे जास्तच ऐकू येतं.

आईला माझ्या बोलण्यात एक शब्द आवडला. “गणपतीक येतलंस?” असं तिनं एकदा विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “इन्शाल्ला.” तिनं अर्थ विचारला. म्हटलं, देवाच्या मनात असलं तर. ती खूश झाली. म्हणाली, “बरी माणसा आसत. देवाक इचारून बोलतत.” इथल्या ऑफिसात त्या शब्दाचा आम्ही काय अर्थ लावतो ते मी तिला सांगितलं नाही. सुट्टी मागितली आणि मॅनेजर ‘इन्शाल्ला’ म्हणाला, की आम्ही बॅग पुन्हा पलंगाखाली सरकवतो.

बाबा वारले तेव्हा मी गावी यायला निघालोच होतो. पण गावकीनं आईकडे निरोप धाडला होता: मुलगा येऊ दे, बापाच्या वतीनं नारळ ठेवू दे, मग गाव खांदा देईल. आईनं मला फोन केला. रडत नव्हती. म्हणाली, “तू येव नको. तू इलंस तर तुका नारळ ठेवूक लावतले. तुझ्या बापाशीन ठेवलो नाय, तू कित्याक ठेवतलंस?” मामा आणि त्यांचे मुलगे दुसऱ्या गावाहून आले, त्यांनीच बाबांना नेलं. दहाव्या दिवशी मी इथल्या सलूनमध्ये गेलो आणि डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवायला सांगितलं. न्हावी पेशावरचा होता. मिशीपाशी आल्यावर त्यानं वस्तरा थांबवला आणि वडील गेले का अशा अर्थानं विचारलं, “वालिद?” मी मान हलवली. त्यानं मिशी उतरवली आणि गल्ल्याशी मी पैसे काढले तर हातानंच नको म्हणाला. बाबांच्या दिवसांत मला मिळालेला तेवढाच खांदा.

तेव्हापासून मी आईला म्हणत होतो, इथे ये. ती कुठली येते? आता वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे, तक्रार करू, असंही सांगून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, “पोलीस पालखी घेवन येतले काय?” तिला काय हवं होतं ते त्या एका वाक्यात होतं. मानकऱ्यांना शिक्षा नको, भरपाई नको. पालखी दारात यायला हवी, आणि नारळ न ठेवता यायला हवी. आणि ते होईपर्यंत मी परतायचं नाही, हे आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं होतं.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीला दोह्याच्या मुशैरिब भागातल्या एका हॉलचं काम मिळालं. प्रदर्शन भरायचं होतं, भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या न्यायालयांवर. तीन-चारशे वर्षांपूर्वी व्हेनिस, जेनोआ, माल्टा अशा ठिकाणी गुन्हेगारांना काय शिक्षा व्हायच्या, हा विषय. पार्टिशनं, चौथरे, लाइट आमच्याकडे. प्रदर्शन मांडणाऱ्या मॅडम माल्टाच्या, वयानं माझ्या आईच्या आसपास, चष्मा सतत डोक्यावर आणि सतत चष्मा शोधणाऱ्या. मी भिंतीवर फलक लावायचो, त्या ते सरळ आहेत का बघायच्या, आणि सरळ होईपर्यंत गोष्ट सांगायच्या.

त्यांच्याकडून कळलं की तिथल्या न्यायाधीशांच्या हातात दोन शिक्षा फार असायच्या. एक हद्दपारी आणि दुसरी गॅली. गॅली म्हणजे वल्ह्यांनी चालणारं लांबोडकं लढाऊ जहाज. एकेका वल्ह्यावर चार-पाच माणसं, पाय साखळीत, बसायला उघडी फळी, खाणं-झोपणं तिथेच. जहाजांना हात कमी पडायला लागले की न्यायाधीश फाशीऐवजीसुद्धा वल्हं द्यायचे. हद्दपार झालेला माणूस मुदतीआधी घरी फिरकला आणि सापडला, तर त्यालाही पुष्कळदा गॅलीवर धाडायचे. आणि ज्याच्याशी वैर झालं त्याच्या घरच्यांनी समेटाला होकार दिला, तर कधीकधी बंदी उठायची.

मी फलकाला लेव्हल लावून उभा होतो. मॅडमनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, उजवीकडून जरा खाली आहे. पण मनात आलं, आमच्या घरात ही शिक्षा दोघांत वाटून घेतली. बाबांना हद्दपारी मिळाली आणि मला वल्हं.

हॉलच्या मधोमध गॅलीचा एक खरा वाटावा असा तुकडा उभा केला: एक बाक, एक वल्हं आणि त्यावर तीन पुतळे. पुतळे आले ते टकले आणि बिनमिशीचे. केस आणि मिशी वेगळ्या पाकिटांत. माझा हेल्पर रामाशीष, बिहारमधल्या छपऱ्याकडचा, पन्नाशीचा माणूस, अत्यंत टापटिपीचा. सकाळी येऊन बघतो तर त्यानं तिघांनाही झकास मिशा चिकटवलेल्या. एक मिशी पाकिटातली, बाकीच्या दोन त्यानं ब्रशच्या केसांच्या केल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याच जास्त चांगल्या वाटत होत्या.

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग समजावून सांगितलं. पहिला शिक्षा झालेला, त्याचं डोकं, दाढी, मिशी, सगळं भादरलेलं. दुसरा लढाईत पकडलेला गुलाम, त्याच्या डोक्यावर फक्त शेंडीसारखा झुपका. तिसऱ्याला मात्र मिशी. तिसरा आपल्या मर्जीनं आलेला. घरी खायला नाही म्हणून पगारावर वल्हं मारायला आलेला माणूस. काम तेच, बाक तोच, मार तोच. दिवसा त्याला जहाजावर हिंडायची मोकळीक, रात्री काही ठिकाणी त्यालाही साखळी. पण मिशी राखायचा हक्क त्याचा. आपल्याला इथे कुणी पाठवलेलं नाही, आपण आलो आहोत, हे दाखवायला.

मी रामाशीषला पहिल्या दोघांच्या मिशा काढायला सांगितल्या. त्यानं पहिल्या पुतळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “साहब, इसका बाप मरा है क्या?”

मॅडमना मी त्याचा अर्थ सांगितला नाही.  मी मागे पॅन्ट्रीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात माझी मिशी दिसली, बाबांच्या दिवसांनंतर पुन्हा राखलेली, आता निम्मी पांढरी. इतकी वर्षं मी स्वतःला पहिला पुतळा समजत होतो.

दुपारी मॅडमना विचारलं, शिक्षा संपल्यावर ही माणसं घरी जायची का? त्या म्हणाल्या, काही जायची. काहींना मुदत संपली तरी सोडत नसत. आणि काही असे होते की सुटका झाली, पण जायचं कुठे हेच कळेना. मग ते मिशी वाढवून पगारी म्हणून पुन्हा त्याच बाकावर येऊन बसायचे. एवढं सांगून त्या चष्मा शोधायला लागल्या. मी त्यांना तो डोक्यावर दाखवला.

शिमग्याच्या सुमारास मॅनेजरनं बोलावलं. मुशैरिबचं प्रदर्शन संपत आलं होतं, पुढचं दुखानला, तेल कंपनीच्या वसाहतीतली जुनी घरं आतून नवी करायची. पश्चिम किनारा, आजूबाजूला वाळू आणि तेलाच्या विहिरी. जाशील का, म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. विचार असा केलाच नाही, जाग आल्यावर माणूस चप्पल घालतो तसं हो म्हटलं.

पालखीच्या दिवशी शुक्रवार होता. मी दोह्याबाहेरच्या समैस्माला गेलो. तिथला किनारा उथळ आहे, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि वास थोडा आमच्या खाडीसारखा येतो, थोडाच. आईचा व्हिडिओ कॉल आला. दर वर्षी ती या वेळी फोन करते. पालखी जाईपर्यंत आम्ही दोघं काहीबाही बोलत राहतो, पावसाळ्यात कौलं किती फुटली, फणस धरला की नाही, म्हणजे ढोल थांबलेले ऐकू येत नाहीत.

तिला फोन धरता येत नाही. मला कौलांची कड, आभाळ आणि तिचा अंगठा दिसत होता. ढोल जवळ आले. वळणाशी आले. थांबले. मी बोलायला तोंड उघडलं, “आये, फणस...”

“गप ऱ्हव,” ती म्हणाली.

ढोल थांबलेच होते, पण पालखी पुढे गेल्याचा आवाज नव्हता. मग कुणीतरी ओरडलं, “जड झाली! पालखी जड झाली!” आमच्याकडे देवीला एखाद्या घरी जायचं असलं की पालखी भोयांच्या खांद्यावर जड होते, रेटली तरी पुढे सरकत नाही, असं म्हणतात. मानकऱ्यांचे आवाज ऐकू आले, चढलेले. त्यावर एक आवाज, जरा घोगरा, “मी काय करू? देवीच वळता हा. अडवा तिका, अडवतास तर!”

देवीला वाळीत कोण टाकणार? एका ढोलावर थाप पडली, मग सगळे सुरू झाले. फोन हलला, पडला, आणि जमिनीवरून मला सारवलेलं अंगण, रांगोळी आणि त्यात नाचणारी अनवाणी पावलं दिसली. आईनं फोन उचलला तेव्हा पुढच्या दांड्याला खांदा दिलेला माणूस दिसला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, पण प्रकाशच; मघाचा घोगरा आवाज त्याचाच. त्यानं फोनकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं आणि लगेच मान खाली घातली. या वेळी दुरुस्त करायला चेन नव्हती. खालमानेनं तो रडत होता.

आईनं तबक पुढे केलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. “बा देवी महाराजा, ह्या घरचो झील परमुलखात आसा, तेका सुखरूप ठेव...” आणि अंगणातून, तेवढ्या सगळ्या गळ्यांतून, “व्हय महाराजा!” मीही म्हणालो, समैस्माच्या किनाऱ्यावर, जोरात. जवळच एक कुटुंब चटई टाकून बसलं होतं, त्यातल्या लहान मुलीनं वळून बघितलं. मी तिथेच ओल्या वाळूत बसलो. इतका आनंद झाला होता आणि तो सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उतरवायला घेतलं. फलक निघाले, भिंतींवर भोकं राहिली. वल्हं सुट्टं केलं, पुतळे बबल रॅपमध्ये गुंडाळायला घेतले. तेवढ्यात आईचा फोन. आवाज तरुण झाला होता. कोण कोण येऊन गेलं, कुणी वालाच्या शेंगा दिल्या, प्रकाशची बायको लोणचं घेऊन कशी आली आणि दारातच कशी रडत बसली, सगळं सांगितलं. मी हसत होतो. मग तिनं विचारलं,

“आता कोणाची बंदी नाय, झिला. आता येतलंस मा, कायमचो?”

समोर रामाशीष तिसऱ्या पुतळ्यापाशी उभा होता, हातात टेप. पुतळ्याचं सगळं अंग गुंडाळून झालं होतं, फक्त चेहरा उरला होता, मिशीसकट. मला दुखान आठवलं. खोली आठवली, एसीकडे उघडणारी खिडकी. गावातलं माझं अंगण आठवलं आणि त्यात मी काय करत असेन ते काही केल्या दिसेना. सकाळी उठून कुठे जाईन? कुणाशी काय बोलेन? काल पालखी वळेपर्यंत न जाण्याचं कारण माझ्या हातात होतं. देवीनं ते काढून घेतलं.

“आये,” मी म्हटलं.  मग जे तोंडात होतं तेच निघालं.

“इन्शाल्ला.”

पलीकडे फोन खरखरला. तिनं बहुधा फोन दुसऱ्या हातात घेतला. आणि मग सभामंडपात उभं राहून देतात तसा, खणखणीत, तिनं माझ्या गाऱ्हाण्याला जबाब दिला.

“व्हय महाराजा!”